सलोतरीसाहेबांची फटफटी

जिंतूरला मी भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव, गाव, गोत काहीच विचारलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "मास्तर, त्या लिंबापस्तोर चालत जाऊन या बरं." मी गेलो आणि परत आलो.

"डाव्या टाचंवर जोर देत न्हाईत तुमी. लहानपणी काटा मोडला व्हता का?"

मोडला होता. मग मी माझी नेमणूक, माझी शाळा वगैरे सांगू लागलो, तर त्यांचं सगळं लक्ष माझ्या दातांकडे. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "राहा. खोड काही दिसत न्हाई." अशा रीतीनं मी त्या घरात दाखल झालो.

राज्य निजामाचं होतं. शाळेत शिकवणं उर्दूतून, मुलं घरी बोलणार मराठी, आणि मी नेमलेला इंग्रजी शिकवायला. त्यामुळे वर्गात मी काय बोलतो ते कुणाला फारसं कळत नसे आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे. घरमालक गुरांचे सरकारी डॉक्टर. त्या काळी सलोतरी म्हणत. सगळा तालुका त्यांना सलोतरीसाहेब म्हणायचा, मीही तेच म्हणत आलो. आज त्यांचं खरं नाव आठवायचं म्हटलं तर मला थोडा वेळ लागतो.

पंचेचाळिशीचा, उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. पहिल्या मोठ्या लढाईत फौजेच्या घोड्यांबरोबर बसऱ्याकडे जाऊन आलेले. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक म्हणजे अरबीतले चार-पाच शब्द, जे ते फक्त आपल्या घोडीशी बोलताना वापरत. गाईबैलांशी ते दखनीत बोलायचे, "हौ बेटा, हो गया बेटा," आणि माणसांशी मराठीत. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, "ज्याला जी सोसंल ती." घोडीचं नाव बिजली. तिच्याइतकं सावकाश चालणारं जनावर मी दुसरं पाहिलं नाही.

त्यांची एक मोठी खोड होती. (शब्द त्यांचाच वापरतो.) कुठल्याही जनावराला औषध पाजण्याआधी ते स्वतः चाटून बघत. बोरीचा एक शेतकरी पोट फुगलेला बैल घेऊन आला होता. साहेबांनी जवसाच्या तेलात टर्पेंटाईन कालवलं, एक थेंब जिभेवर ठेवला आणि तोंड असं काही केलं की बैलसुद्धा दोन पावलं मागं सरला. शेतकरी घाबरून म्हणाला, "सायेब, पोट बैलाचं फुगलंय!"

"ठाव हाय. पर जे आपल्याला गिळवत न्हाई ते मुक्या जिवाला पाजायचं म्हंजी निदान त्याची माफी तरी मागावं का न्हाई?" आणि बैलाच्या कानाशी वाकून त्यांनी दखनीत खरोखर माफी मागितली. मग नळी घातली.

लंगडणारं जनावर ही त्यांची खास बाब. बाजाराच्या दिवशी ते दवाखान्याच्या ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसायचे आणि नुसत्या खुरांच्या आवाजावरून सांगायचे, "मागला उजवा. नाल ढिला हाय." लोक पैज लावायचे आणि हरायचे. एवढी नजर, एवढा कान. पण घरात वहिनी, म्हणजे त्यांची बायको, अंगणातून चालत आल्या की साहेब मान वळवून भिंतीकडे बघत बसायचे. वहिनींचा उजवा पाय आखूड होता आणि त्या झुकून, दर पावलाला खाली-वर होत चालत. तालुक्यातल्या यच्चयावत बैलांची चाल ज्याला पाठ, त्यानं आपल्या बायकोची चाल कधी पाहिली नव्हती.

कारण लपवलेलं नव्हतं. नवा तहसीलदार येवो, बांगड्या विकणारी येवो, साहेब ओळख एकाच पद्धतीनं करून द्यायचे, "ही माझी मंडळी. हिचा पाय मी मोडला." ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. वहिनी पदर सावरून, "च्या ठिवू का?" म्हणायच्या. मलाही हेच ऐकवलं गेलं आणि मीही चहा प्यालो.

बसऱ्याहून आणलेली दुसरी गोष्ट म्हणजे मोटारसायकल चालवायची विद्या. तिकडे वाळूतून चिठ्ठ्या पोचवायचं काम त्यांनी केलं होतं आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं म्हणे. परत आल्यावर, लग्नाला पाच-सहा महिने झाले असताना, सडकेच्या एका ठेकेदाराची फटफटी मागून घेऊन ते वहिनींना माहेरी सोडायला निघाले. माहेर चारठाण्याचं. वाटेतल्या उतारावर गाडी एकदम उधळली, आडवी झाली आणि वहिनींच्या मांडीचं हाड मोडलं. वैदूनं बसवलं, पण दोन बोटं आखूड बसलं. "माझा हात चुकला," साहेबांनी सासऱ्याला सांगितलं, आईला सांगितलं, गावाला सांगितलं. तेव्हापासून चौदा वर्षं त्यांनी फटफटीला हात लावला नव्हता.

हात लावला नव्हता हे खरं, पण ते रोज ती चालवत होते. अंगणात लिंबाखाली बाभळीचा एक जाड ओंडका पडलेला होता. दिवस कलला की साहेब कोट काढायचे आणि त्या ओंडक्यावर चारठाण्याच्या रस्त्याकडे तोंड करून, घोड्यावर बसावं तसे बसायचे. दोन्ही हात पुढं. तोंडानं पुटपुटणं चालू, "ठिणगी मागं. तेल थोडं. हवा बंद. लाथ." मग पाय झाडायचे. डाव्या हाताची बोटं मिटायची, उजवा हात मांडीशेजारचा नसलेला दांडा पुढं ढकलायचा. अंग डावीकडे, उजवीकडे झुकायचं. कुठं वळण आहे, कुठं खडी आहे, सगळं त्या झुकण्यात दिसायचं. आणि मग एका ठराविक ठिकाणी उजवा हात हवेत थांबायचा. साहेब त्या हाताकडे बघत राहायचे. अंगठा पुढं-मागं करून बघायचे. थोड्या वेळानं उठायचे, रांजणाच्या पाण्यानं तो एकच हात धुवायचे आणि जेवायला आत जायचे.

गावात याबद्दल नाना मतं होती. कुणी म्हणे योगाभ्यास आहे, कुणी म्हणे बसऱ्याहून काहीतरी मागं लागून आलंय. मला वाटलं, विद्या विसरू नये म्हणून माणूस सराव करतोय. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं. साहेब म्हणाले, "सराव कशाचा, मास्तर? मी शोधायलोय. सगळं बराबर करत येतो, त्या उतारापस्तोर येतो, आन् कुठं चुकलं तेच घावत न्हाई. दुखणं घावल्याबिगर दवा कशी द्यावी?"

चुलीपुढं बसलेल्या वहिनींनी तेव्हा भाकरी तव्यावर करपवली. मला वाटलं, धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं असेल.

दुसऱ्या वर्षी बिजली थकली. हैदराबादेहून हुकूम आला की, अमुक सलोतरी फौजेच्या दप्तराप्रमाणे मोटारसायकल चालवू जाणतात, सबब दौऱ्यासाठी त्यांना नवी मोटारसायकल देण्यात येत आहे. साहेबांनी तो कागद तीनदा वाचला. मग खाली बसून सुबक उर्दूत जवाब लिहिला की ताबेदारास सवारी येत नाही, ताबेदाराचा हात भरवशाचा नाही, गाडी दुसऱ्या कुणास द्यावी. पाकीट बंद करून माझ्या हातात दिलं. माझ्या शाळेच्या वाटेवर टपालघर होतं.

मी दारातून बाहेर पडलो आणि कुडापाशी वहिनी उभ्या. बाईमाणसानं असं वाटेत थांबवून बोलायचा तो काळ नव्हता. मी गडबडलो.

"मास्तर, ते पाकीट द्या इकडं."

"वहिनी, सरकारी कागद आहे."

"म्हणूनच मागायले. तुमी टाकलं म्हणून सांगा. पाप लागलं तर मला लागंल."

मी भित्रा माणूस. सरकारला भ्यावं की वहिनींना, हा प्रश्न होता. सरकार हैदराबादेत होतं आणि वहिनी समोर होत्या. पाकीट दिलं. पंधरा दिवसांनी साहेबांनी दुसरं पत्र लिहिलं, तेही त्याच वाटेनं गेलं. का, हे मी विचारलं नाही. मला एवढंच दिसत होतं की या बाईला नवऱ्याला परत गाडीवर बसलेलं बघायचंय, आणि हे काही हौसेखातर नाही.

गाडी परभणी स्टेशनच्या मालधक्क्यावर उतरली. "माझ्या पत्राचा जवाब न्हाई, आन् गाडीच आली," म्हणत साहेब निघाले आणि इंग्रजी वाचायला लागेल म्हणून मला बरोबर घेतलं. लाकडी खोका फोडला. आत काळी कुळकुळीत गाडी. टाकीला सोनेरी रेघ, चाकांच्या तारा लखलखीत. धक्क्यावरचे हमाल हातातलं काम टाकून जमले. साहेबांनी तिला हात लावला नाही. बैलबाजारात बैल बघतात तशी आधी दुरून एक फेरी मारली, मग जवळून. खाली वाकले, मागून बघितलं, पुढून बघितलं. टाकीवर हलकी थाप मारून कान लावला.

"जनावर चांगलं हाय," म्हणाले. "आता बैलगाडी बघा."

"बैलगाडी कशाला?"

"घरी न्यायला. नव्या बैलाला काय बाजारातूनच जू लावतेत का, मास्तर?"

नवी कोरी मोटारसायकल कडब्यावर आडवी निजवून, दोरांनी बांधून आम्ही बैलगाडीतून जिंतूरला नेली. गाडीवान पुढं, साहेब आणि मी मागं, मधे ती. रस्त्यावर माणसं थांबून बघत. बोरीला मुक्काम पडला तर तोच जवसाच्या तेलाचा शेतकरी धावत आला. त्यानं गाडीतल्या वस्तूकडे बघितलं, साहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "मेली का, सायेब?"

"न्हाई. निजलीय."

"दवा पाजली?"

"दवा तिला न्हाई, मला लागंल," साहेब म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

घरी दारात वहिनी पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभ्याच होत्या. नवं जनावर घरी आलं की करतात ते सगळं त्यांनी केलं. पुढच्या चाकावर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरी ओवाळली. ती खायला कुणी नव्हतं म्हणून बिजलीला दिली. बिजलीनं गाडीचा वास घेतला, फुरफुरली आणि दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. साहेबांनी गाडीवर गोणपाट टाकलं. त्या संध्याकाळी ते गाडीपासून चार हातांवर त्याच ओंडक्यावर बसले आणि रोजच्यासारखी आपली फटफटी चालवली.

आठ दिवस असेच गेले. रोज सकाळी गोणपाट काढून पुसायचे, परत झाकायचे. शुक्रवारी शाळेला सुट्टी असे. त्या शुक्रवारी वहिनी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "मास्तर, गाडीसंगं पुस्तक आलंय ना? अंगणात बसून मोठ्यानं वाचा."

"मला त्यातलं काही कळत नाही."

"कळू नका देऊ. वाचा."

मी लिंबाखाली बसलो आणि पुस्तक मराठी करून मोठ्यानं वाचू लागलो. डाव्या हातानं अमुक वस्तू कवटाळावी, मग पायानं तमुक वस्तू खाली चिरडावी, मग इंजिन श्वास घेईल. असा पानभर मजकूर झाला असेल नसेल, साहेब आतून तावातावानं बाहेर आले.

"काय वाचायलात, मास्तर? त्याला काय श्वास न् काय! आना इकडं." पण इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पुस्तकातली चित्रं बघता बघता गोणपाट कधी काढलं आणि ते गाडीवर कधी बसले ते त्यांचं त्यांना कळलं नसावं.

बसले आणि हात पुढं केले. "ठिणगी मागं," म्हणाले. डावा अंगठा मागं गेला, पण तिथं काही नव्हतं. "तेल थोडं." उजवा अंगठा हवेत फिरला. तिथंही काही नव्हतं. उजवा हात मांडीशेजारी गिअरचा दांडा शोधायला गेला आणि नुसत्या टाकीवर आपटला. मी पुस्तकात बघितलं. तेल आता मूठ पिळून द्यायचं होतं, गिअर पायानं टाकायचे होते. चौदा वर्षांत गाड्याच बदलल्या होत्या. साहेब रोज ज्या गाडीवर बसत होते ती आता कुठल्या कारखान्यात होतच नव्हती.

मी हे वाचून दाखवलं. साहेब आपल्या उजव्या हाताकडे बघू लागले, तसेच, संध्याकाळी बघायचे तसे. आणि खाली उतरले.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. चौदा वर्सं धुंडून घावलं न्हाई, आन् आता धुंडायची जागाच गेली. ह्या हातानं एक पाय मोडला तेवढा बस झाला. उद्या गाडी परत धाडू."

वहिनी ओट्याच्या पायरीवर उभ्या होत्या. पांढऱ्याफटक दिसत होत्या. "त्या दिवशी तुमचा हात न्हाई चुकला," म्हणाल्या. "मी वढला व्हता."

साहेबांना कळलं नाही. मलाही नाही.

"उतारावर. डाव्या अंगाला ज्वारीच्या धसकटात माळढोक चालला व्हता. माणसाच्या कमरंएवढा पक्षी, मान ताठ. मी कधी बघितला नव्हता. तुमाला दाखवावं वाटलं. आता हाक कशी मारावी? नाव घ्यायचं न्हाई. अवो म्हणलं, फटफटीच्या आवाजात ऐकू गेलं न्हाई. दोनदा म्हणलं. मग हात धरून वढला. उजवा."

वहिनी पुढं बोलतच राहिल्या, रडत नव्हत्या, भराभरा सगळं ओतत होत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा साहेबांनी सगळ्यांना आपली चूक सांगून टाकली होती. सासू उशाशी बसलेली. सून पांढऱ्या पायाची असं म्हणायला तिला निमित्तच हवं होतं. तेव्हा भीतीनं बोलल्या नाहीत. मग तब्येत सुधारली, तोवर गोष्ट जुनी झाली. "मग तुमी ओंडक्यावर बसायला लागले. रोज चुलीपुढं बसून म्हणायची, आज सांगते. भाकऱ्या व्हायच्या, तुमी हात धुऊन यायचे, आन् तसंच ऱ्हायचं. तुमची दोन्ही पत्रं माझ्या पेटीत हायेत. मास्तरांनी टपालात टाकली न्हाईत."

साहेबांनी वळून माझ्याकडे बघितलं. "मास्तर," म्हणाले, "तुमच्यात खोड हाय."

मग ते ओंडक्याकडे गेले आणि त्यावर बसले. वहिनींना म्हणाले, "इकडं ये. मागं बैस. कसा वढला दाखव."

वहिनी घाबरत घाबरत त्यांच्या मागं ओंडक्यावर एका अंगानं बसल्या. परक्या पुरुषासमोर नवऱ्याला खेटून बसायची त्यांना कोण लाज. मी मान खाली घातली, पण बघत होतोच. साहेबांनी हात पुढं केले. ठिणगी, तेल, हवा, लाथ. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, वहिनीही त्यांच्याबरोबर झुकल्या. उतार आला. वहिनींनी त्यांची उजवी बाही धरून मागं ओढली. साहेबांचा अंगठा सर्रकन सरकला.

"आस्सं," ते म्हणाले. परत करून बघितलं. "आस्सं! तेलाची पट्टी पुरी उघडली. मग उधळंल न्हाई तर काय करंल?"

चौदा वर्षांचं दुखणं सापडलं होतं. क्षणभर त्यांचा चेहरा बाजारातली पैज जिंकल्यासारखा उजळला. आणि मग तो चेहरा हळूहळू बदलत गेला. ते उठले, बिजलीला सोडलं आणि तिचा दोर धरून पायीच चारठाण्याच्या रस्त्यानं निघून गेले. दिवसभर आले नाहीत. वहिनींनी चूल पेटवली नाही. मी माझ्या खोलीत बसून मुलांच्या वह्या तपासत होतो आणि एकही नीट तपासत नव्हतो. मला मनापासून वाईट वाटत होतं. त्या दोघांबद्दल वाटत होतं आणि त्या दोन पाकिटांमुळे माझ्याबद्दलही.

दिवस मावळताना ते परत आले. ओंडक्यावर बसले नाहीत. सरळ आत गेले आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, "मग तुला तरी दिसला का नीट?"

"दिसला की."

"मला न्हाई दिसला."

"तेच तर," वहिनी म्हणाल्या, आणि आता मात्र रडल्या.

सकाळी मी उठून बाहेर आलो तर साहेब कुऱ्हाड घेऊन ओंडक्यापाशी. "आता ह्याचं काय काम? बंब तरी तापंल," म्हणत त्यांनी कुऱ्हाड उचलली. आतून वहिनी जवळजवळ धावत आल्या.

"ठिवा तो! मला चढायला लागंल."

"कशावर चढायला?"

"फटफटीवर. दुसरं कशावर?"

साहेबांनी कुऱ्हाड खाली ठेवली. वहिनी अंगण ओलांडून लिंबाकडे येत होत्या, खाली-वर होत, आणि साहेब बघत होते. पहिल्यांदाच भिंतीकडे न वळता पूर्ण बघत होते. म्हणाले, "थांब. परत जा आन् परत ये." वहिनी गेल्या आणि आल्या. साहेबांनी खाली बसून वहिनींच्या टाचेखाली बोटं लावून बघितली. "दोन बोटं. नुसता तळ जाड केला असता तरी..." त्याच दिवशी त्यांनी चांभाराकडून उजव्या पायाची दोन बोटं जाड तळाची वहाण करून घेतली. ती घातल्यावर वहिनींचं झुकणं निम्म्यानं कमी झालं. चौदा वर्षांपूर्वीही चांभार तोच होता.

नवी गाडी शिकायला साहेबांना वीसेक दिवस लागले. जुनं विसरणं त्यांना नवं शिकण्यापेक्षा जड गेलं. मी पुस्तक वाचायचो, ते मला शिव्या घालायचे, आणि बिजली लांब उभी राहून बघायची. मग एका सकाळी वहिनी ओंडक्यावर पाय ठेवून, पदर खोचून, मागं एका अंगानं बसल्या आणि दोघं चारठाण्याला निघाले. बोलणं आधीच ठरलं होतं. काही दाखवायचं असलं की डाव्या खांद्यावर दोन थापा. उजव्या हाताला हात लावायचा नाही.

त्या उतारावर वहिनींनी दोन थापा मारल्या. साहेबांनी गाडी थांबवली. "काय?"

"इथंच."

साहेबांनी बराच वेळ माळाकडे बघितलं. "मला काही दिसायलं न्हाई."

"आता कुठून दिसंल?" हे सगळं वहिनींनीच मला नंतर सांगितलं, हसत.

त्यानंतर तालुक्यानं साहेबांचं एक नवंच वेड बघितलं. दौऱ्यावर निघाले की वहिनी बऱ्याचदा बरोबर, आणि गाडी दर कोसाला थांबलेली. थापा पडल्या की थांबायचं. हरणं, विहिरीवरचे मोर, फुललेली करडई, नुसतंच आभाळ. बिजलीला लागायचा त्याहून जास्त वेळ या गाडीला लागू लागला. आजारी बैलाचे धनी वाट बघून कंटाळायचे, पण कुणी तक्रार केली नाही, कारण वहिनी आल्या की बाया भेटायच्या, आणि एरवी साहेबांना न सांगितलेली दुखणी त्यांच्या कानावर घालायच्या. अडचण एकच होती. उतरणं जमायचं, परत चढायला ओंडका कुठून आणायचा? मग एकेका गावानं आपापली सोय केली. बोरीला त्या शेतकऱ्यानं उखळ उपडं घातलं. चारठाण्याला वहिनींच्या भावानं वेशीजवळ एक चौकोनी सपाट दगड आणून रोवला.

ओळख करून द्यायची पद्धतही बदलली. "ही माझी मंडळी. हिची नजर लय तेज हाय." नवा माणूस बुचकळ्यात पडायचा. चहा मात्र तोच.

माळढोक त्यांना अखेर दिसला. पाच-सहा वर्षांनी, रझाकारांच्या गडबडीच्या बऱ्याच आधी. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला मुद्दाम हाक मारून बसवलं. मी विचारलं, कसा होता? साहेब बराच वेळ विचार करून म्हणाले, "चाल झकास. डाव्या पायात जरा दोष वाटला, पर चाल झकास."

पुढं निजामाचं राज्य गेलं, माझी बदली झाली, साहेब आणि वहिनी एकामागून एक गेले. बरीच वर्षं मधे गेल्यावर एकदा मी चारठाण्याची देवळं बघायला म्हणून गेलो. वेशीजवळ तो दगड होता. वरून पार गुळगुळीत झालेला, पोरं त्यावर बसून बोरं खात होती. मी उभा राहून बघतोय असं पाहून एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. त्या गावात जुन्या दगडांची काही कमी नाही आणि पाहुण्याला माहिती द्यायची त्यांना सवय असावी.

"देवळाच्या टायमाचा हाय," म्हणाले. "शेकड्यांनी वर्सं झाली आसतीन त्याला."

एरवी मी वाद घालणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी म्हटलं, "नाही हो. हा आमच्या वहिनींच्या वेळचा आहे."